विमान उतरलं, आता मुक्कामी कसं पोचायचं?

विमानाच्या तिकिटासाठी आपण महिनाभर भाव चाळतो, खिडकीची जागा मिळावी म्हणून रात्री जागून चेक-इन करतो आणि विमानतळावरून मुक्कामी कसं जायचं हे मात्र 'तिथे उतरल्यावर बघू' म्हणून सोडून देतो. तिथे उतरल्यावर काय अवस्था असते? झोप अर्धवट, कानांना दडे, फोन नेटवर्क शोधतोय, ट्रॉलीचं एक चाक वाकडं आणि दार सरकताच तीन-चार जण 'टॅक्सी?' म्हणत अंगावर आलेले. पैशांचा निर्णय घ्यायला याहून वाईट जागा सापडणार नाही. म्हणून पुढचं बहुतेक काम निघण्याच्या आठवडाभर आधी, घरी बसून उरकायचं आहे. तासाभराचंच काम आहे.

आधी तिकीट नीट वाचा

तिकिटावर शहराचं नाव असतं, पण त्या नावाने एकच विमानतळ असेल असं नाही. लंडनच्या नावाने हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, सिटी असे कितीतरी विमानतळ चालतात. टोकियोचं हानेदा शहरातच आहे, तर नारिता शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूर. स्वस्त विमानांच्या बाबतीत हा प्रकार जास्त चालतो. 'पॅरिस बोव्हे' पॅरिसपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि 'फ्रँकफर्ट हान' तर फ्रँकफर्टहून सुमारे १२० किलोमीटरवर. तिकिटात वाचलेले पैसे मग बसच्या भाड्यात जातात, वर दोन तास जातात ते वेगळेच. तेव्हा विमानतळाचा तीन अक्षरी कोड तिकीट काढण्याआधीच बघा आणि शहरापर्यंतचं भाडं तिकिटाच्या किमतीत मिळवून मगच दोन तिकिटांची तुलना करा.

टर्मिनलचा क्रमांकही लिहून ठेवा. दुबईच्या विमानतळावर मेट्रोची स्टेशनं टर्मिनल १ आणि ३ ला आहेत, २ ला नाही. हीथ्रोला २ आणि ३ मिळून एक स्टेशन आहे, तर ४ आणि ५ ची आपापली वेगळी. 'विमानतळावर मेट्रो आहे' एवढ्या माहितीवर विसंबलात, तर सामानासकट टर्मिनल बदलत बसावं लागतं.

आणि माहिती ताजी आहे का ते बघा. बर्लिनचा टेगेल विमानतळ २०२० मध्ये बंद झाला. इस्तंबूलची प्रवासी विमानं एप्रिल २०१९ मध्ये अतातुर्क विमानतळावरून नव्या विमानतळावर गेली. जुन्या लेखांमध्ये मात्र त्या विमानतळांवरून बस कुठून पकडायची याच्या सूचना अजून तशाच्या तशा आहेत. बाकी सल्ला कुठूनही घ्या. मार्ग, वेळा आणि भाडी यांच्यासाठी विमानतळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं वाहतुकीचं पानच उघडा.

तुम्ही नक्की किती वाजता बाहेर पडणार?

सगळ्या नियोजनाचा पाया हा आहे आणि गफलतही नेमकी इथेच होते. तिकिटावरची वेळ विमान पोचण्याची असते, तुम्ही रस्त्यावर येण्याची नसते. विमान गेटला लागायचं, दार उघडायचं, मोठ्या विमानात मागच्या रांगा रिकाम्या व्हायला वेळ लागायचा, मग लांबलचक चालणं, इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावरचं सामान, कस्टम्स. माझा ठोकताळा असा: फक्त हातातली बॅग असेल तर पाऊण ते एक तास, सामान चेक-इन केलं असेल तर दीड तास. पहाटे एकामागून एक मोठी विमानं उतरतात अशा विमानतळावर दोन तास धरले तरी चालतील.

आता हा हिशेब शेवटच्या गाडीला लावून बघा. विमान रात्री १०:४० ला पोचणार असेल, तर तुम्ही बाहेर याल मध्यरात्री बाराच्या पुढे. बऱ्याच शहरांत मेट्रो आणि विमानतळाच्या गाड्या रात्री काही तास बंद असतात. आणि विमानतळावरून निघणारी शेवटची गाडी मिळाली म्हणजे सुटलो असंही नाही. ती मुख्य स्टेशनला सोडते. तिथून पुढची मेट्रो तोवर बंद झालेली असते आणि बारा-साडेबाराला अनोळखी स्टेशनाबाहेर टॅक्सी शोधणं विमानतळापेक्षाही अवघड जातं. म्हणून तुमच्या अंदाजी बाहेर पडण्याच्या वेळेत आणि शेवटच्या गाडीत तासाभराहून कमी अंतर असेल, तर त्या गाडीचा नादच सोडा आणि दुसरी सोय मुख्य सोय म्हणून ठरवा. रविवार आणि सुट्टीच्या दिवसांचं वेळापत्रक वेगळं असतं, तेही त्याच वेळी पाहून घ्या.

याच हिशेबातली तारखेची एक गफलत मी स्वतः केलेली आहे. विमान १५ तारखेला रात्री १२:४० ला पोचणार होतं. माझ्या डोक्यात '१५ तारखेची रात्र' एवढंच बसलं आणि गाडी मी १५ च्या रात्रीची सांगितली, म्हणजे चक्क चोवीस तास उशिराची. खोलीचं आरक्षणही तसंच. नावाची पाटी शोधत तासभर उभा राहिलो, आणि चूक गाडीवाल्याची नव्हती म्हणून चिडायचीही सोय नव्हती. विमान मध्यरात्र ते पहाट या वेळात उतरत असेल, तर खोली आदल्या तारखेची घ्यायची, गाडीच्या आरक्षणात नवी तारीख घालायची आणि वर '१४ ची रात्र संपून १५ सुरू होताना' असं स्पष्ट लिहायचं. तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात, त्यामुळे घड्याळांची बेरीज-वजाबाकी करायची गरज नाही.

शहरात नव्हे, दारात पोचायचं आहे

शांघायच्या पुडोंग विमानतळावरून चुंबकीय रेल्वे सुमारे ३० किलोमीटर अंतर आठेक मिनिटांत कापते. ऐकायला अफाट! पण ती थांबते लोंगयांग रोडला आणि बहुतेक प्रवाशांना तिथून पुन्हा मेट्रो किंवा टॅक्सी धरावी लागते. गंमत म्हणून बसायला छान आहे. मात्र मुक्काम शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर त्या आठ मिनिटांचं फारसं काही उरत नाही. हीथ्रोहून लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला जलद गाडी पंधरा मिनिटांत जाते. पण पूर्वेकडे जायचं असेल तर एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गाची गाडी मध्ये कुठे बदलायला न लावता सरळ पुढे नेते आणि घड्याळात फारसा फरक पडत नाही.

म्हणून आखणी उलटी करा. खोलीच्या दारापासून सुरुवात करा आणि मागे मागे विमानतळाकडे या. जवळचं स्टेशन किती पावलांवर आहे? रस्ता चढाचा आहे का? स्टेशनला लिफ्ट आहे की नुसते जिने? गाडी किती वेळा बदलायची? नकाशावर रस्त्याचा फोटो दिसत असेल तर शेवटचे तीन-चारशे मीटर डोळ्यांनी चालून बघा. फरसबंदी रस्त्यावर चाकांची बॅग ओढणं म्हणजे काय हे एकदा ओढल्याशिवाय कळत नाही.

मग प्रत्येक पर्यायापुढे तीनच गोष्टी लिहा: दारापर्यंतचा एकूण वेळ, सगळ्या मंडळींचे मिळून पैसे, आणि बॅग किती वेळा उचलावी लागेल. लोक पहिल्या दोन बघतात. मी तिसरीला जास्त मान देतो. सोबत वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर निर्णय तिथेच होतो. पैशांचंही एक साधं गणित आहे. रेल्वेचं तिकीट माणशी असतं, टॅक्सीचं भाडं बहुधा गाडीमागे. एकट्याला रेल्वे निर्विवाद स्वस्त, चौघांना टॅक्सी कदाचित बरोबरीत. जलद गाडीची चार तिकिटं आणि वर शेवटच्या टप्प्याची टॅक्सी एवढी बेरीज करून बघा, कित्येकदा थेट टॅक्सीच परवडते.

पर्याय एकेक करून

रेल्वे आणि मेट्रो वाहतूक कोंडीत अडकत नाहीत, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण. कामाच्या दिवशी सकाळी आठला उतरत असाल, तर रस्त्याने जाण्याआधी दोनदा विचार करा. एकाच रुळावर 'जलद' आणि 'साध्या' अशा दोन गाड्या चालत असतील, तर त्यांची तिकिटं सहसा वेगळी असतात. साध्याचं तिकीट घेऊन जलदमध्ये बसलात तर दंड होऊ शकतो. सोलच्या इंचन विमानतळावर अशा दोन्ही गाड्या आहेत. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरची एअरट्रेन ही गाडी शहराच्या मध्यात जातच नाही. ती जमेका किंवा हॉवर्ड बीच स्टेशनला सोडते आणि तिथून लोकल किंवा सबवे घ्यावी लागते, तिकीट वेगळं. हे आधी माहीत असेल तर काहीच अडचण नाही. माहीत नसेल तर माणूस फाटकापाशी गोंधळून उभा राहतो.

बसला लोक उगाच कमी लेखतात. विमानतळाची खास बस सामान पोटात ठेवते, बसायला जागा असते आणि मोठ्या हॉटेलांच्या किंवा मुख्य चौकांच्या जवळ सोडते. टोकियोत तर अशा बसचं जाळंच आहे. गाडी बदलायची नाही आणि जिना चढायचा नाही, हे सुख मोठं आहे. फक्त गर्दीच्या वेळी तिच्या वेळेची खात्री देता येत नाही. साधी शहर बस सगळ्यात स्वस्त असते. ती पाठीवरच्या पिशवीवाल्यांसाठी. दोन मोठ्या बॅगा घेऊन तिच्या वाटेला जाऊ नये.

टॅक्सीबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण फसवणूक इथेच होते. अधिकृत टॅक्सी रांगेत मिळते आणि ती रांग इमारतीच्या बाहेर, पाटी लावलेल्या ठिकाणी असते. आतमध्ये येऊन तुम्हाला हाक मारणारा माणूस कितीही गणवेशात असला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं असलं, तरी तो रांगेतला नव्हे. हा नियम जवळजवळ जगभर चालतो. आगमन कक्षातले सगळे काउंटरही टॅक्सीचे नसतात. काही आलिशान खासगी गाड्यांचे असतात, दिसायला तसेच, भाडं दुप्पट-तिप्पट. पाटीवर नक्की काय लिहिलंय ते वाचा.

भाडं तीनपैकी एका प्रकारचं असतं: मीटरने, ठरलेलं, किंवा आधी भरून पावती घेतलेलं. तुम्ही जाणार त्या शहरात कुठलं आहे ते आधीच शोधून ठेवा. पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावरून शहरात यायला २०१६ पासून ठरलेलं भाडं आहे. सीन नदीच्या उजव्या तीरासाठी एक, डाव्यासाठी दुसरं. जेएफकेहून मॅनहॅटनलाही ठरलेलं भाडं आहे, पण टोल आणि अधिभार त्यावर वेगळे. बँकॉकच्या सुवर्णभूमीला यंत्रातून चिठ्ठी घ्यावी लागते आणि तिच्यावर टॅक्सीचा तपशील असतो. ती चिठ्ठी चालकाला देऊन टाकू नका. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. हाँगकाँगमध्ये टॅक्सीचा रंगच बघावा लागतो: लाल शहरी भागासाठी, हिरवी न्यू टेरिटरीज या बाहेरच्या भागासाठी, निळी लांताऊ बेटासाठी. चुकीच्या रांगेत उभं राहिलं तर नंबर आल्यावर पुन्हा मागे.

गाडीत बसण्याआधी, सामान डिकीत जाण्याआधी, दोन प्रश्न विचारा: मीटर की ठरलेलं भाडं? आणि टोल, सामान, रात्रीचा आकार धरून की वेगळे? ठरलेलं भाडं पूर्ण गाडीचं आहे की माणशी, तेही वदवून घ्या. 'मीटर बिघडलंय' असं ऐकलं की उतरून मागच्या गाडीत बसायचं, वाद घालायचा नाही. 'तुमचं हॉटेल बंद पडलंय, मी दुसरं दाखवतो' हेही जुनंच नाटक. पैसे देताना नोट किती रकमेची ते मोठ्याने म्हणून द्या. हातचलाखीने नोट बदलून 'तुम्ही लहान नोट दिलीत' म्हणणारे असतात.

ॲपवरची गाडी भाड्याच्या बाबतीत निर्धास्त करते, पण तिची मेख वेगळी आहे. एकच ॲप सगळीकडे चालत नाही. आग्नेय आशियात ग्रॅब, चीनमध्ये दीदी, युरोपात बऱ्याच ठिकाणी बोल्ट. नवं ॲप उघडलं की ते तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवतं, आणि परक्या देशात तुमचं सिम मुकं असेल तर तो ओटीपी येणार नाही. तेव्हा ॲप घरीच उतरवा, नंबर पडताळून घ्या, कार्ड जोडून ठेवा. दुसरं म्हणजे, या गाड्यांना बरेच विमानतळ मुख्य दारासमोर थांबू देत नाहीत. पार्किंगच्या अमुक मजल्यावर, अमुक खांबापाशी जावं लागतं. तिथे पोचल्यावरच गाडी मागवा. सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहून मागवलीत तर चालक येऊन निघून जाईल आणि रद्द केल्याचे पैसे तुमच्याकडून कापले जातील. गाडीचा नंबर जुळल्याशिवाय बसू नका, आणि चालकाने 'ॲपवर रद्द करा, रोख द्या' म्हटलं तर नको म्हणा. मग ती ॲपची गाडी उरतच नाही.

आधी ठरवलेली गाडी सगळ्यात महाग असेल कदाचित, पण मध्यरात्रीनंतर उतरणारे, पहिल्यांदाच परदेशी जाणारे, आई-वडील, लहान मुलं सोबत असलेले, यांना मी तीच सुचवतो. आरक्षण करताना विमानाचा क्रमांक द्याच, म्हणजे विमानाला उशीर झाला तर त्यांना कळतं. इथेही एक खोच आहे: दोन कंपन्या मिळून एक विमान चालवत असतील, तर तुमच्या तिकिटावरचा क्रमांक आणि प्रत्यक्ष उडवणाऱ्या कंपनीचा क्रमांक वेगळा असतो. दुसरा द्या, तिकिटावर बारीक अक्षरात तो असतो. जोडविमान असेल, म्हणजे वाटेत विमान बदलायचं असेल, तर शेवटच्या टप्प्याचा क्रमांक द्यायचा, घरून निघतानाचा नव्हे.

मग लेखी विचारून घ्या: फुकट थांबणं किती मिनिटांचं, आणि ती मिनिटं विमान उतरल्यापासून मोजणार की ठरलेल्या वेळेपासून? चालक पाटी घेऊन आत येणार की बाहेर गाडीत असणार? टोल, पार्किंग धरून? गाडी किती आसनी, आणि डिकीत मोठ्या बॅगा किती मावतात? चार आसनी गाडीत चार माणसं बसतात, त्यांच्या चार मोठ्या बॅगा मावत नाहीत. काही शहरांत डिकीत गॅसची टाकी असते, मग तर दोनसुद्धा कठीण. लहान मुलाचं आसन हवं असेल तर आरक्षणातच नोंदवा, आयत्या वेळी मिळत नाही. पाटीवरचं नाव कुणीही वाचू शकतो, म्हणून 'तुम्ही अमुक का?' असं विचारणाऱ्याला आरक्षणाचा क्रमांक विचारा. तो त्याने सांगायचा, तुम्ही नव्हे.

हॉटेलची गाडी फुकट असेल तर उत्तम. मात्र ती ठराविक वेळांनाच सुटते का आणि फोन केल्याशिवाय येते का, हे ईमेलवर विचारून ठेवा. भाड्याने गाडी घेऊन स्वतः चालवणार असाल, तर रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच नको. शहरात एक रात्र झोपा, गाडी दुसऱ्या दिवशी घ्या.

फोन, पैसे, पत्ता

मुक्कामाचा पत्ता स्थानिक लिपीत लिहून घ्या, फोन नंबरासह. त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि एक कागदी प्रत पासपोर्टसोबत ठेवा. तोच पत्ता इमिग्रेशनलाही विचारतात. शहराचा नकाशा ऑफलाइन उतरवा. विमानतळाचं वायफाय असतं, पण काही ठिकाणी तेही ओटीपी मागतं, म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका. रोमिंग किंवा ई-सिम घरूनच चालू करून निघा.

कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते बँकेच्या ॲपवर बघा. थोडी स्थानिक रोकड लागेलच. ती विमानतळाच्या एटीएममधून, एका टॅक्सीपुरती आणि वर थोडी एवढीच काढा. विमानतळावरच्या चलन बदलून देणाऱ्या काउंटरांचा दर सहसा वाईट असतो. एटीएमने 'तुमच्या देशाच्या चलनात रक्कम कापू का?' विचारलं तर नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. त्या सोयीची किंमत तुमच्याच खात्यातून जाते. मोठी नोट निघाली तर विमानतळावरच काहीतरी किरकोळ घेऊन मोडून ठेवा.

दार सरकल्यावर

थांबा. भिंतीला पाठ लावून, सामान पुढ्यात घेऊन दोन मिनिटं उभे राहा. फोन चालू होऊ द्या, पाट्या वाचा, प्रसाधनगृहात जाऊन या. घाईत असलेला प्रवासी लांबून ओळखू येतो. मदत हवी असेल तर माहिती कक्षाकडे तुम्ही जा. तुमच्याकडे चालत आलेल्याची मदत नको. गाडीत बसल्यावर नकाशा उघडा ठेवा आणि गाडीच्या नंबराचा फोटो घरच्यांना पाठवा. पासपोर्ट, पैसे आणि औषधं असलेली पिशवी डिकीत जाता कामा नये, ती मांडीवरच.

ठरवलेला चालक दिसत नसेल तर आधी आपणच बरोबर दारात आहोत का ते बघा, कारण काही टर्मिनलांना बाहेर पडायची दोन-तीन दारं असतात. मग फोन, मग ॲपवर संदेश. वीस मिनिटं वाट पाहूनही काही उत्तर नसेल तर पाट्यांच्या गर्दीचा फोटो काढा, त्यात वेळ नोंदली जाते आणि परतावा मागताना तो कामी येतो. नंतर सरळ टॅक्सीच्या रांगेत लागा. सामान आलं नाही आणि तक्रार नोंदवण्यात वेळ जाणार असेल, तर पट्ट्यापाशी उभं राहूनच गाडीवाल्याला कळवा. विमान पहाटे तीनला उतरलं आणि रेल्वे पाचला सुरू होत असेल, तर उजाडेपर्यंत विमानतळावरच बसणं हाही एक रीतसर पर्याय आहे. मात्र इमारत रात्रभर उघडी असते का ते आधी पाहून ठेवलेलं असावं.

मुक्कामी पोचलात की झोपण्याआधी एक काम करा: आलात त्या प्रवासाला खरोखर किती वेळ लागला तो लिहून ठेवा. परतीच्या दिवशी किती वाजता निघायचं याचा हिशेब त्यावरूनच मांडायचा आहे. आणि पहाटेचं विमान असेल तर त्या वेळी पहिली गाडी सुटते का, हे स्वागतकक्षात आजच विचारून घ्या.